माझ्या सत्काराचा मांडव

पताका कमी पडल्या. धुमाळ गुरुजी खुर्चीवर उभे होते, खुर्चीचा लंगडा पाय मी धरून ठेवला होता आणि स्टेजची वरची बाजू अजून बोडकीच होती.

“लाल कागद संपला,” गुरुजी वरूनच म्हणाले. “उद्या सभापती येणार, मालक येणार, आणि नेमकं स्टेजच उघडं. भागव्वा, बघा बाई काहीतरी.”

भागव्वा म्हणजे माझी आई. ती शाळेपुढचं पटांगण सारवत होती. शेणाचे हात तसेच धरून तिनं मांडवाकडं पाहिलं.

“लाल कापड चालंल न्हवं? आनते की.”

“कुठून आणणार?”

“तुमी आदी खाली उतरा. हितं पडून हातपाय मोडलं तर उद्या सत्कार करायचा कुनी?”

गुरुजी हसत हसत उतरले. त्या दोन दिवसांत ते कशालाही हसत होते. इतका आनंद झालेला मास्तर मी नंतर कधी पाहिला नाही.

उद्याचा सत्कार माझा होता. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत मी तालुक्यात पहिली आले होते. आमची वस्ती दगड फोडणाऱ्या वडारांची. माळाच्या एका अंगाला आमच्या झोपड्या, दुसऱ्या अंगाला रणदिवे मालकांची खाण आणि मधे चौथीपर्यंतची शाळा. त्या शाळेतून शिष्यवृत्तीला आजवर कुणी बसलंच नव्हतं, तर मिळणार कुठून? निकाल कळला त्या दिवशी गुरुजी सायकल टाकून “यल्लवा! यल्लवा!” असं ओरडत थेट खाणीत शिरले. माझ्या बापाला वाटलं, पोरीला पान लागलं, साप चावला. तो पहार टाकून पळत सुटला, आणि गुरुजींनी त्याला मधेच मिठी मारली. नंतर कित्येक दिवस वस्तीत ही नक्कल चालली होती.

सरकारकडून शाळेला खडूसुद्धा वेळेवर येत नसत, मग समारंभ कुठला व्हायला? म्हणून गुरुजींनी सगळं लोकसहभागावर काढलं. हा शब्द त्यांच्या तोंडून इतक्यांदा आला की आमच्या म्हाताऱ्यासुद्धा तो बोलायला लागल्या. कुणी सतरंजी दिली, कुणी घागरी दिल्या, कुणी बांबू. पटांगणातले धोंडे आमच्याच माणसांनी काढले. एरवी एकमेकांच्या झिंज्या उपटणाऱ्या बाया एका चुलीवर शिरा ढवळायला बसल्या. मालकांनी त्यांचा सहभाग म्हणून खाण दोन दिवस बंद ठेवली, आणि त्याहून मोठी गोष्ट ते स्टेजवरून जाहीर करणार होते. शाळेला दोन नव्या खोल्या. पाचवी ते सातवी.

त्या खोल्यांवर माझं सगळं अडलं होतं. पाचवीला तालुक्याला जावं लागायचं, आणि आमच्या वस्तीतून पोरगी एवढ्या लांब कोण पाठवणार? खोल्या नाहीत तर पहिला नंबर घेऊन मी आईशेजारी खडी फोडायला बसणार, हे मला तेव्हाही नीट कळत होतं.

दिवस मावळायच्या आत आई परत आली. हातात लाल कापडाचा लांबसा तुकडा, एका कडेला पिवळा काठ. तिच्याच जुन्या लुगड्याचा तो होता, हे मी ओळखलं.

“वा!” गुरुजी म्हणाले. “याच्या छान त्रिकोणी पताका निघतील. यल्लू, कात्री आण.”

“कातरू नगासा, गुरुजी,” आई म्हणाली. “आखंच बांधा. परवा सकाळी माघारी न्ह्यायचंय.”

गुरुजींनी ते अखंडच स्टेजच्या वर, बरोबर मधोमध बांधलं. लांबून पाहिलं तर खरंच फार देखणं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी माझा बाप सकाळीच दाढी करून आला. दुर्गाप्पा म्हटलं की खाणीत मान होता. भोकं पाडणं, त्यात दारू ठासणं, बत्ती देणं ही सगळी जोखमीची कामं मालक त्याच्यावर सोडत. बाजारच्या दिवशी तो घोट घ्यायचा, खोटं कशाला बोलू, सगळेच घ्यायचे. पण त्या दिवशी तो पांढरा सदरा घालून, पायांत कुणाच्या तरी वहाणा अडकवून पहिल्या रांगेत ताठ बसला होता. मी त्याला अप्पा म्हणायची. मी वळून पाहिलं की तो उगाचच खाकरायचा.

समारंभ उशिरा सुरू झाला. सभापतींचं भाषण झालं, त्यात माझं नाव त्यांनी दोनदा चुकवलं. मग मालक उठले. रणदिवे मालक बोलायला गोड. एका हातानं माईक धरून त्यांनी दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

“ह्या लेकरानं तालुक्यात आपलं नाव काढलं. हिच्या मानाखातर आज माझ्या खाणीत एक घावसुद्धा पडणार नाही. आणि ऐका, ह्या शाळेला दोन खोल्या मी बांधून देणार. वस्तीतली पोरगी सातवी झाल्याशिवाय राहायची नाही!”

टाळ्या कडाडल्या. गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग गुरुजींनी माईकवरून अप्पाला वर बोलावलं. अप्पा वहाणा खाली काढून स्टेजवर आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. मालकांनी हार हातात घेतला.

तेवढ्यात खाणीकडून कंप्रेसरचा आवाज सुरू झाला.

कंप्रेसर आमच्या कानांना नवा नव्हता. आधी इंजिन धडधडतं, मग दगडात भोक पाडणारं मशीन टरटर करायला लागतं. इंजिन धडधडलं तशी पोरं खिदळली. पाठीमागून कुणीतरी बोललंसुद्धा, “मालक, घाव पडंना, पर भोक पडतंय!” सगळा मांडव हसला. मालकही हसले, पण त्यांनी कडेला उभ्या असलेल्या मुकादमाकडं, मरगूमामाकडं, असं पाहिलं की तो मान खाली घालून पायानं माती उकरायला लागला. खाण बंद होती ती आमच्यासाठी. मालकांनी बाहेरगावची दोन माणसं गुपचूप कामाला लावली होती.

अप्पा हसला नाही. तो कान देऊन ऐकत होता. हार घालून घ्यायला त्यानं मान झुकवली, पुन्हा वर केली, आणि त्याची नजर स्टेजच्या वर गेली. त्या लाल कापडाकडं तो क्षणभर नुसता बघत राहिला. मग ओरडला, “हे हितं कुनी आनलं?”

कुणी काही बोलायच्या आत त्यानं उडी मारून ते कापड ओढलं. सुतळी तुटली, सगळ्या पताका सभापतींच्या डोक्यावर आल्या. हार मालकांच्या हातातच राहिला. अप्पा स्टेजवरून खाली उतरला आणि बायामाणसांच्या मधून, कुणाच्या मांडीवर कुणाच्या हातावर पाय देत, कापड घेऊन अनवाणी खाणीकडं पळत सुटला.

सगळा मांडव पुन्हा हसला. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या आयुष्यातला एवढा एक दिवस, आणि माझ्याच बापानं त्याचा तमाशा केला! मी दात-ओठ खात आईला शोधलं. आई बायांच्या घोळक्यात उभी राहिली होती. ती हसत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तोंडावर तिनं दोन्ही हात दाबून धरले होते.

“बसा, बसा सगळे,” गुरुजी माईकवर म्हणाले. “आनंदाच्या भरात माणसाला सुचत नाही...”

बार उडाला. जमीन हादरली, स्टेजवरचे पाण्याचे पेले खाली पडले. खाणीच्या वर धुळीचा लोट चढला आणि बराच वेळ तिथंच थांबला. कंप्रेसरचं इंजिन तेवढं चालू राहिलं होतं.

खाणीत काय झालं ते मरगूमामानं पाहिलं, कारण तो अप्पाच्या मागं पळाला होता. संध्याकाळी त्यानं आमच्या दारात बसून आईला सगळं सांगितलं. दोन दिवसांसाठी खाण बंद करताना अप्पानं ठासलेला एक बार उडालाच नव्हता. असा बार राहिला की त्याच्याशी बांबू रोवून लाल निशाण लावायचं आणि तो निकामी करेपर्यंत तिकडं कुणी फिरकायचं नाही, हा खाणीतला रिवाज. अप्पानं निशाण लावलं होतं. आज बांबू होता, वर निशाण नव्हतं. बाहेरगावच्या माणसांना वाटलं, मोकळी जागा आहे. त्यांनी मशीन तिथंच लावलं.

“काठावरनं वरडला, कंप्रेसरच्या आवाजात कुनाला ऐकू जातंय?” मरगूमामा म्हणाला. “मग त्यानं ते लाल फडकं फिरवलं. मशीनवाल्यानं बघितलं आन् मशीन भोकात चालूच टाकून पळाला. त्याच्या हाताखालच्या म्हाताऱ्याची पाठ हिकडं. दुर्गाप्पा खाली उतरला, म्हाताऱ्याला ढकलला. म्हातारा वाचला, भागव्वा. त्या दोघास्नी मालकांनी मघाशीच ट्रकात घालून गावाला लावून दिलं.”

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, “बांबू सरळ हुता?”

“व्हय. सरळ हुता.”

बांबू पडलेला असता तर वाऱ्याला दोष देता आला असता. मग ती रडली. मी तिला तसं रडताना आधी पाहिलं नव्हतं, पुढंही पाहिलं नाही. निशाण कुणी काढलं ते मला त्या घटकेला कळलं. खाणीत उभा जन्म गेलेली बाई ती. निशाणाला हात लावायचा नसतो हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण मालकांनी सगळ्या वस्तीसमोर शब्द दिला होता, खाण बंद. बंद खाणीत कोण कशाला जाईल? सत्कार झाला की दुसऱ्या दिवशी उजाडताच ती ते परत बांधणार होती. तिच्या लेकीच्या डोक्यावर लाल झालर हवी होती, एवढंच तिच्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी फौजदार आला. वस्तीत खुर्च्या शाळेशिवाय कुठं होत्या? म्हणून जाबजबाब शाळेपुढंच, त्याच मांडवात झाले. मालक फौजदाराशेजारी बसले होते. सगळी वस्ती त्याच सतरंज्यांवर बसली.

“खाण तर बंद होती म्हणता,” फौजदारानं मालकांना विचारलं. “मग हा खाणीत कशाला गेला?”

“काय सांगू साहेब,” मालक हळहळले. “माणूस लाखातला, पण घेतलेली होती. चालू कार्यक्रमातनं उठून पळाला, तो थेट खाणीत. राहिलेल्या बाराशी काहीतरी चाळा केला असणार.”

“खाणीत दुसरं कुणी काम करत होतं?”

“कुणीच नव्हतं.”

फौजदारानं मरगूमामाला उभं केलं. “मुकादम, कंप्रेसर चालू होता का?”

मरगूमामानं मालकांकडं पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं. “ध्यानात न्हाई, साहेब.”

आणखी दोघातिघांना विचारलं. सगळे मूग गिळून बसले. परवा ज्यांनी विनोद केला होता, जे हसून लोळले होते, त्यांतल्या एकालाही काही ऐकू आलं नव्हतं. मालकांची खाण गेली तर चुली कशावर पेटणार, हा हिशेब प्रत्येकाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. शेवटी फौजदार गुरुजींकडं वळला.

“मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. आवाज ऐकलात?”

गुरुजी उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “लाऊडस्पीकर चालू होता, साहेब. त्या आवाजात काही कळलं नाही.”

मला राहवलं नाही. मी ताडकन उभी राहिले आणि ओरडले, “चालू हुता! मी ऐकला! सगळ्यांनी ऐकला! अप्पा दारू पिलेला नव्हता! गुरुजी, तुमी माईकवर बोलताना इंजिन चालू हुतं, खोटं का बोलताय?”

फौजदारानं मला खालून वर न्याहाळलं. “ही कोण?”

“मयताची मुलगी,” गुरुजी म्हणाले. ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “लहान आहे साहेब. बाप गेलाय, भेदरलीय. काहीबाही बोलते. तिचं मनावर घेऊ नका.”

दोनच दिवसांपूर्वी ह्या माणसानं माईकवरून सांगितलं होतं, हिचं उत्तर कधी चुकत नाही. मी त्यांचा हात झटकला. मला थुंकावंसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी थुंकलेही, पण ते कुणी पाहिलं नाही.

“दारूच्या नशेत, असं लिहितो मग,” फौजदार म्हणाला.

“थांबा साहेब.”

आई उठली होती. कपाळ मोकळं, अंगावर कालचंच लुगडं. ती पुढं आली आणि मालकांच्या समोर, अगदी हाताच्या अंतरावर उभी राहिली. फौजदाराकडं तिनं पाहिलंच नाही. ती मालकांकडं बघून बोलली.

“निशान मी काडलं. मांडवाला बांदायला. पोरीच्या बापाला सत्काराच्या येळेला ते वर दिसलं. खाणीत गुरंढोरं जात्यात, पोरंसोरं जात्यात, कुनी मरंल म्हनून तो पळाला. शुद्धीत हुता. थेंब न्हवता घेतलेला. निशान परत लावायला गेला आन् त्यात गेला. दोष माझा हाय. कंप्रेसरचं मला काय ठावं न्हाई.”

मी किंचाळले, “आई!” तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मालकांनी मान हलवली, अगदी हळू. “हां साहेब,” ते म्हणाले, “असंच झालं असणार. दुर्गाप्पा दारू पिणाऱ्यातला नव्हताच. माझ्या बोलण्यात चूक झाली.”

“तुमचं काय, मास्तर?”

“हो,” गुरुजी म्हणाले. “शुद्धीत होता. मी शेजारीच होतो.”

बघता बघता सगळ्यांना कंठ फुटला. मरगूमामाला आठवलं, दुर्गाप्पा सकाळपासून चहावरच होता. बायांना आठवलं, त्यानं शिरासुद्धा खाल्ला नव्हता. साक्षी देणाऱ्यांची रांग लागली. फौजदारानं आईचा अंगठा घेतला आणि तो जीपमध्ये बसून गेला.

मांडव घालायला सगळी वस्ती होती; दोष एकट्या आईच्या पदरात पडला. आईवर खटला वगैरे झाला नाही, अपघात म्हणून मिटलं. पण वस्तीनं तिला सोडलं नाही. बाया नवऱ्याला खाल्लं म्हणायच्या, तिच्या तोंडावर म्हणायच्या. ज्यांनी कंप्रेसर ऐकला होता त्याच म्हणायच्या, आणि काही वर्षांनी तर त्यांना ते मनापासून खरं वाटायला लागलं. मालकांची खाण आठवड्याच्या आत सुरू झाली. त्यांनी शब्द मात्र पाळला. खोल्यांचं काम पावसाआधीच निघालं, आणि पायाला लागणारी खडी फोडायला ज्या बाया लावल्या त्यांत माझी आई होती.

मी शाळेत जाणार नाही म्हणून हटून बसले होते. गुरुजी दोनदा घरी येऊन गेले, मी झोपडीच्या मागच्या अंगानं पळून गेले. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा आई त्यांना म्हणाली, “तुमी जावा गुरुजी. मी पाटवते.” मग ती मला हाताला धरून नव्या खोल्यांच्या पायाशी घेऊन गेली. तिथं तिचा खडीचा ढीग होता. ती ढिगासमोर बसली, हातोडी उचलली, कामाला लागली.

मी उभ्या उभ्याच भांडायला लागले. “मी खरं सांगत हुते. तू का न्हाई सांगितलंस? तुला माहीत हुतं कंप्रेसर चालू हुता. ती दोन माणसं मालकानं पळवली, तुला माहीत हुतं. सगळं तुझ्यावर का घेतलंस?”

“तू वरडलीस, तवा कुनी ऐकलं?”

“तू बोलली असतीस तर ऐकलं असतं!”

“न्हाई ऐकलं.” तिनं एक दगड फोडला, दुसरा पुढ्यात ओढला. “कंप्रेसर म्हनले असते तर मालकाच्या गळ्याला आलं असतं. मग त्यो दारूच धरून बसला असता आन् सगळी वस्ती त्याच्या मागनं हां हां करत गेली असती. त्याला त्याच्यावरचं टळलं म्हंजी बास हुतं. मग दिलं टाळून.”

“आन् तुला काय मिळालं?”

आईनं हातोडी थांबवली. “तुझा बाप परक्या मानसांसाठी पळत गेला. त्यो दारू पिऊन मेला असं लिवलं असतं, तर पुडं तुझी पोरं हेच म्हनली असती. मला तेवडंच नगं हुतं.”

ती मान खाली घालून पुन्हा फोडायला लागली. माझ्या मागं जुन्या खोलीत गुरुजी नव्या पाचवीची हजेरी घेत होते. माझं नाव आलं, दोनदा आलं, आणि ते थांबले.

“जा,” आई म्हणाली. “आन् हितनं सर आदी. कपची उडंल डोळ्यात.”